'लय छान, जय भीम'

तुमी आधी हसान, पण ऐकून घ्या. आमच्या देऊळघाटच्या बबनकाकाले डोळ्यानं दिसत नाही, पण व्हॉट्सअ‍ॅप जोरात चालते. फोन त्यायले सगळं वाचून दाखवते. फक्त फोटो आला की 'फोटो' एवढंच बोलते. नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज सकाळी सुविचाराचे फोटो पडतात, म्हणून काका प्रत्येक फोटोखाली टाकत, 'लय छान, जय भीम.'

मागच्या महिन्यात त्यायचा मावसभाऊ शेषराव सुलतानपुरात वारला. दोघं सोबतच वाढलेले. चिखलीले माझं फ्लेक्सचं दुकान, म्हणून श्रद्धांजलीचा फोटो मीच बनवला. नाव, मातीची वेळ, सगळं त्यातच. ग्रुपवर टाकला, अन खाली काकाचं आलं, 'लय छान, जय भीम.'

लोक भडकले, पण मातीच्या गडबडीत काकाले कोणी काही बोललं नाही. संध्याकाळी मीच फोन लावला.

"काका, हे काय टाकलं तुमी? शेषरावकाका गेले न!"

काका म्हणे, "माती कधी हाय?"

"झाली, काका. फोटोत मोठ्या अक्षरात लिवलं होतं मी."

"मोठं काऊन लिवलं बे? बारीक, पण फोटोच्या बाहेर लिवलं असतं, तं मी मातीले आलो असतो."