टेबल मोकळं, डोकं मोकळं

...नाही, पण मी म्हणतो, दगडांनी कोणाचं काय घोडं मारलं होतं? अं? तुम्हाला सांगतो, तेवीस वर्षं मी कर्जतला कचेरीसमोरच्या टपरीत लोकांचे अर्ज लिहून देतोय. टपरीतला पंखा एकाच वेगाने फिरतो, वादळाच्या! म्हणून पहिल्याच वर्षी सांगून टाकलं, कागद ठेवून जायचा असेल तर वर ठेवायला वजन ज्याचं त्याने आणायचं. आणि आणतात हो लोक! पळसदरीच्या धरणावरचा गोटा, खोपोलीच्या कारखान्यातला मुठीएवढा नट... दगड बघितला की माणूस आठवतो, माणूस आठवला की तारीख आठवते. ज्याची तारीख जवळ, त्याचा दगड माझ्या डाव्या कोपराशी. शनिवारी कोपराशी कोणाचा होता? ठमीचा. कळंबकडच्या वाडीवरची ठमी. तांबडा दगड, मधून पांढरी रेघ. तिच्या शकूचा वसतिगृहाचा अर्ज, शेवटची वेळ सोमवारी पाच. चुकला, की पोरीची शाळा सुटली आणि ती आईबरोबर मजुरीला. एवढं सगळं मला एक दगड सांगायचा. ह्याला काय म्हणायचं? तेजश्री म्हणते, पसारा.

तेजश्री म्हणजे माझी मुलगी. पुण्याहून चार दिवस रजेवर आली, मोबाईलवर कसलासा व्हिडिओ बघितला आणि रविवारी टपरीची किल्ली घेऊन गेली. सोमवारी बघतो तर काय... टेबलाचा रंग हिरवा आहे, हे मला तेवीस वर्षांनी कळलं! 'बाबा, टेबल मोकळं, डोकं मोकळं! रोजचा एक तास वाचेल तुमचा.' लाल ट्रे आजचा, पिवळा आठवड्याचा, निळा सवडीचा. सारख्या वस्तू एकत्र. टाचण्या एका डब्यात, शिक्के एका डब्यात आणि फोटो एका डब्यात. अहो, अर्जांना लावलेले फोटो! चाळीस माणसं सोडवून एका डब्यात!

'आणि दगड गं?'

'टाकले, बाबा.'

खरं सांगू, मला काही वाटलंच नाही. वाटायचं ते पण तिने कुठल्यातरी ट्रेमध्ये लावलं असणार.

आणि वर, समोर तिने लावलेलं हे मोठं घड्याळ. मला वेळ दिसावी म्हणून. ती दिसली नानांना. नाना पेन्शनवाले, एरवी उभ्याउभ्या बोलून जायचे. 'अरे, साडेदहाच होतायत की!' म्हणाले आणि बसले. मोकळं टेबल बघून पेपर पसरला, शब्दकोडं काढलं. मागून भाजीवाल्या द्वारकाबाई. 'बरं केलंस रं जगदीश, जागा केलीस,' म्हणून अळूच्या ओल्या जुड्या ठेवल्या आणि गेल्या बँकेत! टेबल मोकळं, डोकं मोकळं...

आणि तो लाल ट्रे! जो येईल तो विचारतो, 'ह्यो कसला रं?' आजच्या कामांचा, म्हटलं. 'मंग माजा बी ह्यातच टाक. आमी काय सवडीचे हाव?' दुपारपर्यंत लाल ट्रे माझ्या हनुवटीला लागला. निळ्यात फक्त नानांचा चष्मा.

सव्वाचारला ठमी आली. टेबलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. 'भाऊ, माजा दगड कुटं हाय?'

काय सांगू? लाल ट्रे पालथा केला. मी एकेक कागद वाचतोय, सकाळपासून बसलेले नानाही मदतीला आले, तर त्यांना चष्मा सापडत नाही! अर्ज मिळाला चार पस्तीसला, अळूखाली, भिजलेला. फोटो? डबा उघडला. चाळीस तोंडं माझ्याकडे बघतायत, एकाचंही नाव आठवेना. ठमीने बोट घातलं आणि शकूला उचलून काढलं. 'ही बगा माजी बाय.' मी टाचणीचा डबा शोधला. मग ठमी पुढे, मी मागे, पळत रस्ता ओलांडला.

कचेरीच्या खिडकीत अर्ज घेणाऱ्या किरण मॅडम. अर्ज घेतला, शिक्का मारला, पोच दिली, वर वेळ चार त्रेपन्न. आणि तो अर्ज ठेवला टेबलावर, एका दगडाखाली. तांबडा दगड, मधून पांढरी रेघ.

'ह्यो तं माजाच!' ठमी म्हणाली.

मॅडम हसल्या. 'अहो, सकाळी कोणीतरी इतके छान दगड कचऱ्यात टाकलेले! आमचा पंखा फार जोरात आहे. सगळे उचलून आणले.' बघतो तर पळसदरीचा गोटा, खोपोलीचा नट... अख्खा तालुका तिथे ओळीने बसलेला. परत मागावेत असं मनात आलं. पण ठमी एवढी खुश होती, म्हणे, 'बरं झालं भाऊ, आता माजा कागद उडायचा नाय.'

घरी आलो, आता दगड नाहीत म्हणून तारखा लिहायला डायरी काढली. तेजश्रीने विचारलं, 'बाबा, आज वेळ वाचला की नाही?'

वाचला, म्हटलं.

'किती?'

सात मिनिटं. खिडकी पाचला बंद होते.