पुसलेला रिअ‍ॅक्टर

पॉइंटर म्हटलं की मला अजून कुरकुंभचे शेखमामा आठवतात. तिथल्या एका केमिकल कंपनीत रिअ‍ॅक्टरचं, म्हणजे रसायन तापवायच्या टाकीचं, तापमान वाचायचा प्रोग्रॅम मी लिहिला होता आणि त्याचा रिपोर्ट छापायचा माझा सहकारी संतोषनं. त्याच्या प्रोग्रॅमला आकड्यांची नक्कल द्यायची सोडून मी पॉइंटर दिला, म्हणजे माझे मूळ आकडे जिथं ठेवलेत तिथलाच पत्ता. पहिला रिपोर्ट छापला आणि स्क्रीनवर तापमान झालं शून्य!

इन्चार्ज ओरडले, "रिअ‍ॅक्टर थंड पडला! स्टीम सोडा!"

ऑपरेटर शेखमामा व्हॉल्व्हच्या आडवे उभे राहिले. "सायब, टाकीवरचा काटा ऐंशीवर हाय. वरनं स्टीम सोडली तर बॅच जळंल. आधी ह्या दोघांना इचारा, काय केलंय."

संतोष पुटपुटला, "छापून झालं की मी सगळं पुसतो. मला वाटलं, माझी वेगळी कॉपी आहे."

मामांनी भिंतीवरच्या शिफ्टच्या फळ्याकडं बोट केलं. "पुढच्या शिफ्टची सही झाल्याबिगर आम्ही ह्यो फळा पुसत न्हाई. तुमच्यात काय पद्धत हाय का न्हाई?"

मी संतोषच्या प्रोग्रॅममधली ती पुसायची ओळ काढली. स्क्रीनवर ऐंशी उमटलं, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

मामांनी स्क्रीन बघितला, मान डोलावली, आणि जाऊन पुन्हा काटा बघून आले.