जूनमध्ये मोजलेली सावली

लेहच्या बसथांब्यावर थंडीने नाकं लाल झाली होती. रांगेत स्पालझेसच्या पुढे दोघी मैत्रिणी होत्या; धाकटी थोरलीला ‘आचे’, म्हणजे ताई, म्हणत होती. धाकटीच्या काखेत बुखारीचं, म्हणजे घर तापवायच्या शेगडीचं, नवं धुराडं होतं. स्पालझेसची नजर रस्त्यावर होती, कान मात्र पुढेच.

“डिस्किट, तुझं तर उन्हावर तापणारं घर! ‘शेगडी लागत नाही’ म्हणून गावभर मिरवत होतीस. मग हे धुराडं कशाला?”

“आमच्या दक्षिणेला दिरानं तीन मजली गेस्टहाऊस चढवलं, आचे. काचेच्या भिंतीवर आता ऊनच येत नाही.”

“आणि तू बघत बसलीस?”

“विचारलं होतं त्यानं. तेवढ्याच उंचीचा वासा उभा करून सावली मोजली. काचेपासून चांगली लांब पडली. मीच म्हटलं, बांध.”

“मोजली कधी?”

“जूनमध्ये. बांधकाम तेव्हाच निघतं ना.”

“अगं वेडे, जूनमध्ये सूर्य डोक्यावर असतो!”

“कळलं ते डिसेंबरात. घरात बादलीतलं पाणी गोठतं. सासूबाईंचा खोकला थांबेना, तेव्हा दीर म्हणाला, आईला माझ्याकडे पाठव, वरच्या मजल्यावर दिवसभर ऊन असतं.”

“मग पाठव की.”

“पाठवलं. आजीमागे पोरं गेली, पोरांमागे त्यांचा बाप.”

“मग तूही जा.”

“मला कुणी ये म्हटलं नाही, आचे.”