एक माप मोठ्या बांगड्या

थांबा जरा, मंडळी. हा माइक शिट्टी मारतोय. कोणी बांधला हा भोंगा? माइकच्या तोंडासमोर भोंगा टांगला तर तो शिट्टी मारणारच ना! फिरवा त्याला, दाराकडे तोंड करा. अजून थोडा. हां, बस.

माफ करा. बायकोच्या शोकसभेत उभा राहिलो आणि पहिलं काय बोललो, तर भोंगा फिरवा. पण विमलला राग यायचा नाही. ती इथे असती तर माझ्याआधी उठून तिनेच तो फिरवला असता, आणि वर मला म्हणाली असती, "अहो, तुमच्या डोळ्यांदेखत असलं काम होतं आणि तुम्ही बसून राहता?"

तुम्ही सगळे आलात. मेहरूणच्या गल्लीतल्या आयाबहिणी आल्या, टॅक्सीवाले आले, गॅरेजवाले आले, धुळ्याहून आमचे सोयरे आले. आमचे आबा, माझे वडील, ह्या वयात एसटीने आले. ते बघा, समोर भिंतीला टेकून बसलेत. मला भाषण येत नाही, मंडळी. रडू यायला लागलं की मी चिडतो, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा मध्येच कोणावर खेकसलो तर मनावर घेऊ नका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचं दुकान म्हणजे गाडीत टेप आणि स्पीकर बसवायचं दुकान. ऐंशी साल उलटलं आणि आपल्या जळगावात जो तो गाडीत टेप बसवायला लागला. डॉक्टर काय, टॅक्सीवाला काय, केळीचा व्यापारी काय. मी तोवर दुसऱ्याच्या दुकानात रेडिओ दुरुस्त करत होतो. ते सोडलं आणि स्वतःचं शटर उघडलं. गावाकडे आबांना सांगितलं, सहा महिने बघतो, नाही जमलं तर शेतावर परत येतो.

आणि जमत नव्हतं, मंडळी. खरंच जमत नव्हतं.

का जमत नव्हतं? हा पंजा बघा माझा. हा पंजा नांगर धरायला बरा. स्पीकर बसवायचा म्हणजे काय, तर दाराच्या पोटात बसवायचा. दाराला बाहेरून पत्रा, आतून पत्रा, मध्ये काच वर-खाली करायचं मशीन. आतल्या पत्र्याला एवढंसं भोक. बोल्ट घालायचा समोरून, पण त्याचा नट लावायचा मागून, आणि मागे काही दिसत नाही. हात त्या भोकातून आत घालायचा आणि चाचपडत नट पकडायचा. माझा हात बोटांपाशीच अडायचा! मग मी नुसते पत्र्याचे स्क्रू मारून द्यायचो. गाडी एरंडोल-पारोळ्याच्या खड्ड्यांतून धुळ्याला जाऊन आली, की स्पीकर लोंबकळत परत दुकानात. गिऱ्हाईक शिव्या घालायचं, मी गिऱ्हाइकाला शिव्या घालायचो.

एक दिवस विमल डबा घेऊन आली. मी एका अँबॅसिडरच्या दाराशी कुस्ती खेळत होतो. तिने थोडा वेळ बघितलं. डबा खाली ठेवला. "सरका," म्हणाली.

मी सरकलो.

तिने बांगड्या मागे कोपराकडे सारल्या, त्यावर रुमाल घट्ट बांधला, अंगठा तळहातात दुमडला आणि हात आत घातला. कोपरापर्यंत गेला! नजर कुठे? समोर रस्त्याकडे. आतल्या आत बोटं चालत होती. "फिरवा," म्हणाली. मी बाहेरून बोल्ट फिरवला. नट बसला. तशी ती डब्याकडे बोट दाखवून म्हणाली, "भाकरी गार होतेय."

त्या दिवसापासून विमल दुकानात यायला लागली. दाराचं पोट, मागच्या काचेखालची फळी, डॅशबोर्डाच्या मागची सांदी, जिथे कोणाचा हात पोचत नाही तिथे विमलचा हात. सायकलच्या जुन्या ट्यूबचे वायसर कापायची कल्पना तिची. स्पीकर आणि पत्रा ह्यांच्यामध्ये रबर पाहिजे, नाहीतर पत्रा वाजतो. आणि काम संपलं की लगेच गाणं नाही लावायचं. बोटाच्या पेराने दारावर टकटक करायची आणि सगळ्यांना दटावायची, "गप्प बसा जरा!" मी गप्प, गिऱ्हाईक गप्प, शेजारचा चहावाला गप्प. ती कान लावून ऐकायची, आत काही खडखडतंय का. खडखडलं, तर परत हात आत. नाही खडखडलं, तरच टेप चालू.

आता हे जग बघतंय म्हटल्यावर गप्प बसेल का? गावाकडे आबांच्या कानावर गेलं. कोणीतरी पारावर सांगितलं, "आबा, तुमनी सून गाडीना पोटमा हात घालस." झालं! आबा तडक धुळ्याला आले आणि एसटीत बसले. दुकान बंद करायचं, सून घरी न्यायची, मुलगा शेतावर न्यायचा. ठरवूनच निघाले होते. आबा, खोटं बोलत असेन तर सांगा. बघा, मान हलवतायत.

आबा दुकानाशी पोचले तेव्हा सुपडूभाऊंची टॅक्सी आमच्याकडे होती. सुपडूभाऊ, हात वर करा, लोकांना कळू दे. ते बघा, पांढऱ्या टोपीतले. त्यांना त्याच दुपारी वऱ्हाड घेऊन धुळ्याला निघायचं होतं आणि नवरीकडच्यांनी टेपवाली गाडी मागितली होती. विमलचा हात दारात, कोपरापर्यंत. मी बोल्ट धरून. आणि समोर आबा!

आता आपल्याकडची सून सासरा दिसल्यावर काय करते? डोक्यावर पदर घेते. विमलनेही तेच केलं. हात दारात आहे हे विसरली आणि पदर घ्यायला हात झटक्याने मागे ओढला. रुमाल सुटला. बांगड्या सरकन मनगटावर आल्या आणि हात अडकला. पुढे जाईना, मागे येईना.

तिने दुसऱ्या हाताने पदर घेतला. आधी पदर, मग कळ! डोळ्यांत पाणी, पण तोंडातून हूं नाही. तेल ओतलं, साबणाचं पाणी ओतलं. हात सुजायला लागला. सुपडूभाऊ म्हणाले, "बांगडी वाढवा, दुसरा इलाज नाही."

आणि विमल, जी उघड्या वायरीला भ्यायची नाही, ती म्हणाली, "नाही. वाढवायची नाही."

का, ते इथल्या बायकांना सांगायला नको. मी जिवंत समोर उभा होतो. माझ्या नावाची बांगडी ती कशी फोडू देईल? मी पक्कड हातात धरून नुसता उभा. तिच्या तोंडाकडे बघायचं माझं धाडस होईना. "काही होत नाही गं," असं म्हणणार होतो, पण माझं कोण ऐकतं? ज्याच्यासाठी जीव खाली-वर होतोय, त्याच्याच सांगण्याने काय होणार!

तेव्हा आबा पुढे आले. हे धोतर, हे उपरणं, आणि रस्त्यावरच्या धुळीत दारापाशी मांडी घालून बसले. तोवर आबा सुनेशी समोरासमोर कधी बोललेले नव्हते. काही हवं असलं तर आईला सांगायचे. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्याशी बोलले. "माय," म्हणाले, "हात ढिला सोड."

उपरण्याचं टोक त्यांनी त्या भोकातून आत सारलं, बांगडी आणि मनगट ह्यांच्यामध्ये, काच लागू नये म्हणून. मग माझ्याकडे हात केला. मी पेचकस दिला. विमल मान हलवत होती, नको, नको. तेव्हा आबा म्हणाले, "जे हुई ते माले हुई." जे व्हायचं असेल ते मला होईल. तुझ्या नवऱ्याला नाही, मला. आणि पेचकस दाबला.

कट्ट! एक. कट्ट! दुसरी. तुकडे दाराच्या तळाला पडले आणि हात बाहेर आला.

मंडळी, मला वाटलं आता आबा म्हणतील, चाल माय, घर चाल. त्यासाठीच तर आले होते. ते तोंड उघडणार, तेवढ्यात विमल मनगट चोळत म्हणाली, "अहो, नट राहिलाय. हात मोकळा आहे तोवर लावून घेते."

आणि परत हात आत! सुजलेला हात! सासऱ्यासमोर! नट लावला, टकटक केलं, "गप्प बसा जरा" म्हणाली. आबांनासुद्धा! आणि आबा गप्प बसले. दारातून खुळखुळ आवाज आला, बांगड्यांच्या तुकड्यांचा. दाराच्या तळाला पाणी निघायचं भोक असतं, तिथून आम्ही बरेच काढले. एक निघेना. विमल म्हणाली, दार उघडते. तर सुपडूभाऊ म्हणाले, "राहू दे वहिनी. सवाष्णीची बांगडी आहे, वऱ्हाडाच्या गाडीत शुभच आहे." आणि गेले गाडी घेऊन.

आबा उठले, धोतर झटकलं. मला वाटलं एसटी स्टँडला निघाले. ते निघाले कासाराच्या दुकानाकडे, आणि मागे वळून बघितलं, सून येतेय का. आम्ही दोघं मागोमाग. कासाराने तिचा हात हातात घेतला, माप बघितलं. आबा म्हणाले, "एक माप मोठी दे भाऊ. रोज काढानं-घालानं काम शे."

भर बाजारात म्हणाले. चार बायका वळून बघायला लागल्या. तरी म्हणाले. दुकान बंद करायचा शब्द त्यांनी काढला नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

तेव्हापासून आमच्या दुकानात देवाच्या फोटोखाली एक खिळा आहे. शटर उघडलं की विमल बांगड्या काढून त्या खिळ्यावर अडकवायची आणि घरी निघताना हातात घालायची. लोक बोलले. पुष्कळ बोलले. सवाष्ण असून रोज हात मोकळे करते, नवऱ्याच्या जिवावर उठलीय, इथपर्यंत बोलले. ती ऐकून घ्यायची. पण मला साधा ताप आला तरी रात्रभर उशाशी बसायची, आणि गावाकडून पत्र आलं की आधी विचारायची, आबा बरे आहेत ना?

अहो, बघा की! मी बरा आहे. हा काय उभा आहे तुमच्यापुढे, अंगाने दुप्पट झालोय. आबा बरे आहेत. कोणाला काही झालं नाही. आम्हा दोघांची काळजी केली आणि गेली तीच. पावसाळ्यात कावीळ झाली, ती उतरलीच नाही.

मी रडायला उभा राहिलेलो नाही. मी आभार मानायला उभा आहे. आपल्या बायकोचे आभार मानायची आपल्यात पद्धत नाही. घरात मानले असते तर तिने मला वेड्यात काढलं असतं. म्हणून इथे मानतो, माइकवर मानतो. विमल, दुकान तुझ्या हातावर उभं राहिलं. आपलं घर तुझ्या हातावर उभं राहिलं. त्या हातावर पत्र्याचे किती ओरखडे होते ते मला माहीत आहे. तुझे फार उपकार आहेत.

आबा, तुमचेही आभार. तुमच्यासमोर हे बोलायला मला इतकी वर्षं लागली.

आता एकच सांगतो आणि बसतो. ती गेली त्या दिवशी घरात बायका तिला शेवटचं नेसवत होत्या. सवाष्ण गेली, म्हणून हिरवा चुडा भरायचा होता. शेजारची पोर कासाराकडे निघाली. आजाराने विमलचं मनगट अगदी बारीक झालेलं, म्हणून कोणीतरी म्हणालं, लहान मापाच्या आण. ओसरीवर आबा बसले होते. त्यांना कमी ऐकू येतं, पण हे ऐकू आलं. काठी आपटून म्हणाले, "लहान नको. एक माप मोठ्या आण. तिले काढना पडतीस."

बायकांना काही कळलं नाही. म्हाताऱ्याचं डोकं चालत नाही, म्हणाल्या. पण पोर मोठ्याच घेऊन आली, आणि त्याच तिच्या हातात भरल्या.

आता आपण तिच्यासाठी शांत उभं राहू. घड्याळ लावू नका. तिच्या पद्धतीने करू. सुपडूभाऊंनी आज टॅक्सी इथे दारातच लावली आहे, तीच टॅक्सी. सुपडूभाऊ, जा बाहेर, आणि त्या दारावर बोटाने टकटक करा. आत तुकडा अजून आहे, मला माहीत आहे. तो हलायचा थांबला, की आपण खाली बसू.

उभे राहा, मंडळी. माइक बंद करा रे.

गप्प बसा जरा.