प्रमुख पाहुण्यांचा खराखुरा परिचय

नाही, आधी मला एक सांगा, तुम्ही सगळे त्या मधल्या खुर्चीकडे का बघताय? हो, रिकामी आहे! महाराष्ट्राला पन्नास वर्षं झाली, एवढा हॉल मिळाला, शाल आणली, नारळ आणला, आणि प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नाही. सकाळपासून जो येतो तो आधी खुर्चीकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, ''शुभ्रा, तुझ्यामुळे!'' माझ्यामुळे? मी काय केलं? मी फक्त विचारलं हो!

तुम्हाला सांगते, मला चारचौघांत बोलायला मुळीच आवडत नाही. वर्गात हजेरी घेताना 'प्रेझेंट मॅम' म्हणायचं तर माझे कान लाल होतात. मी आपली बघत बसते. कोण कसं चालतं, कोण लिफ्टमध्ये कुठे बघतं... आणि बघून बघून प्रश्न पडतात, आणि प्रश्न पडला की तो पोटात राहत नाही. एवढाच माझा दोष!

तर गेल्या वर्षी जानेवारीत इथे दुबईच्या करामा भागात आमच्या बिल्डिंगमध्ये एक गोरे अंकल राहायला आले. आता मला सांगा, गोरा माणूस करामात? गोरी माणसं मरीनाला राहतात, समुद्र बघतात! आमच्या खिडकीतून काय दिसतं, तर समोरच्यांची वाळत घातलेली चादर. पण हे आले. दोन सुटकेसा, एक टेबल लॅम्प. ग्रोसरीतून अंडी आणायचे, उडप्याकडे इडली काट्याचमच्याने कापून खायचे, आणि दिवसभर घरात. नोकरीला जात नाहीत, पाहुणे येत नाहीत. मग हा माणूस करतो काय? अख्ख्या बिल्डिंगला प्रश्न पडला, पण मी विचारलं का? नाही! विचारलं सुरेशकाकांनी. हो, आपल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष सुरेशकाका, हे पहिल्या रांगेत बसलेत... काका, रागावू नका, खरं तेच सांगतेय. लिफ्ट अडकली होती तेव्हा विचारलं. आणि अंकल म्हणाले, ''मी नाटकं लिहितो. सिनेमेसुद्धा.''

झालं! लिफ्ट सुरू व्हायच्या आत काकांनी त्यांना एक मेच्या कार्यक्रमाचे प्रमुख पाहुणे करून टाकलं. वर येऊन आमची बेल दाबली. ''वहिनी, लंडनचा नाटककार! आपल्या बिल्डिंगमध्ये! शारजावाल्यांचं मंडळ जळून खाक होईल! शंभर दिरहॅमची शाल आणू, म्हणजे तेराशे रुपयांची, होऊन जाऊ दे! आणि परिचय कोण करणार? शुभ्रा! इंग्लिश चांगलं आहे, विचारून घेईल सगळं. जन्म, शिक्षण, पुरस्कार, भूषवलेली पदे. यल्ला, चला, लागा कामाला!''

मी आईकडे बघितलं. मला वाटलं, आई नाही म्हणेल. पण आई घाईघाईने हो म्हणाली, का, तर काकांनी लवकर जावं म्हणून. कारण बाबा घरात होते. मंगळवारी, सकाळी अकरा वाजता, लुंगीत.

आता हे सगळ्यांना माहीत आहे म्हणून सांगते. बाबा टॉवरचे नकाशे काढायचे. त्यांच्या टॉवरच्या जागेवर दर शुक्रवारी आम्हाला गाडीतून न्यायचे. तिथे होता खड्डा आणि एक क्रेन. बाबा काचेतून आभाळात बोट दाखवायचे, ''तो पक्षी दिसतोय ना? त्याच्या जरा खाली बत्तिसावा मजला.'' मग मंदी आली. क्रेन होती तशीच उभी राहिली, आणि फेब्रुवारीत बाबांना ऑफिसने घरी बसवलं. जूनपर्यंत दुसरी नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर व्हिसा खलास, बिऱ्हाड पुण्याला. आणि हे कोणाला सांगायचं नाही! का नाही? सांगितलं तर कोणीतरी काम सुचवेल ना? मी फक्त विचारलं हो! आई म्हणाली, ''हळू बोल. विचारलं कोणी तर बाबा लीव्हवर आहेत म्हणायचं.'' तीन महिने लीव्ह! एवढी लीव्ह तर शेखलासुद्धा मिळत नसेल.

बरं, तर मी अंकलकडे जायचं कसं? मला दारावर टकटक करायलाच दहा मिनिटं लागली असती. आईने तोड काढली. ''त्यांनाच चहाला बोलव. दुसरं काही बोलू नकोस, एवढंच विचार, चहा घेणार का?'' मी गेले, दार उघडलं, मी चपलांकडे बघून विचारलं, ''चहा घेणार का?'' आणि हा माणूस हसायला लागला! दाराला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी म्हटलं, बाई गं, इंग्लिश चुकलं की काय?

आले. आमच्या सोफ्यावर बसले. ब्रॅमवेल त्यांचं आडनाव. बाबा पँट घालून आले आणि कोपऱ्यात पेपर वाचायला लागले, म्हणजे पेपर पुढे धरला. मी विचारलं, ''पहिलं नाटक कुठे झालं?'' ते इंग्रजीत बोलले, मी मराठीत सांगते. म्हणाले, ''एका दारूच्या गुत्त्याच्या माडीवर. दोन भावांचं भांडण आणि एक मोडका पियानो. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, पियानोने उत्तम काम केलं.''

मग? मग लंडनला मोठ्या थिएटरात नाटक लागलं. मग? छप्पर गळायला लागलं, थिएटर बंद. मग? टीव्हीवर हॉस्पिटलची मालिका. एखाद्या नटाने पैसे वाढवून मागितले की वरून निरोप यायचा, याला मारा. हे मारायचे. ''एका नर्सला तर मी लिफ्टच्या खड्ड्यात टाकलं, आणि तिने पैसे मागितलेच नव्हते, नावात गोंधळ झाला होता.'' पेपर हलला. बाबा हसत होते!

मी विचारलं, ''आणि सिनेमे?'' म्हणाले, ''पुष्कळ लिहिले.'' ''कोणते?'' ''एक समुद्राचा. लिहिला, पण झाला नाही. एक डोंगराचा. लिहिला, पण झाला नाही. एक म्हातारीचा, नटी शोधता शोधता निर्माताच म्हातारा झाला. लिहिला, पण झाला नाही.'' ''मग झाला कोणता?'' ''एक झाला. पण माझ्यानंतर पाच जणांनी तो पुन्हा लिहिला, आणि माझं एकच वाक्य त्यात उरलं.'' ''कोणतं?''

ते आईच्या हातातल्या ट्रेकडे बघून म्हणाले, ''चहा घेणार का?''

आता सांगा, हसणार नाही का तो माणूस?

आणि दुबईला कशाला आले? तर इथल्या एका बिल्डरने सिनेमा काढायचं ठरवलं. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट, मोती काढणाऱ्याची मुलगी बापाच्या जागी गुपचूप समुद्रात उडी मारते. छान ना? पण बिल्डरचं म्हणणं, प्रत्येक सीनमध्ये आमचा टॉवर दिसला पाहिजे. अंकल म्हणाले, अहो, शंभर वर्षांपूर्वी? तो म्हणाला, ''हबीबी, स्वप्नात दाखवा!'' यांनी बिचाऱ्यांनी स्वप्नं लिहिली, तोवर मंदी आली, बिल्डर गेला, टॉवर गेला, सिनेमा गेला. हे मात्र मरीना सोडून करामात येऊन अजून लिहीतच होते. मी विचारलं, ''आता कोणासाठी?'' आईने मला डोळे मोठे करून दाखवले. मी फक्त विचारलं हो!

अंकलनी कपातला शेवटचा घोट घेतला. मग म्हणाले, ''मुलगी पाण्यात गेली आहे. वर येते का, ते मला अजून कळलेलं नाही. ते कळल्याशिवाय तिला सोडून कसा जाऊ?''

बाबांनी पेपर खाली ठेवला आणि आईला म्हणाले, ''त्यांना अजून एक कप दे.''

मी हे सगळं लिहून सुरेशकाकांना दाखवलं. काका वाचता वाचता खुर्चीत खाली खाली सरकले. ''अगं शुभ्रा! 'लिहिला, पण झाला नाही'? हे परिचयात बोलतात का? लोक काय म्हणतील, यांना शाल कशाबद्दल? थांब, मी देतो करून.'' आणि काकांनी करून दिलं. जगप्रसिद्ध! अनेक आंतरराष्ट्रीय पुरस्कारांनी सन्मानित! हॉलिवूड गाजवलेले! मी विचारलं, ''काका, यातलं खरं काय?'' काका म्हणाले, ''आडनाव.''

एक मे उजाडला. हॉल भरलेला. मी माइकसमोर, हातात काकांनी लिहिलेला कागद. अंकल याच खुर्चीत, कोट घालून, कपाळावर गंध. शेजारी वसईचे सेबॅस्टियन अंकल, हॉटेलच्या मेंटेनन्समध्ये आहेत ते, भाषांतर करून कानात सांगायला. मी कागद उघडला. ''आजचे प्रमुख पाहुणे, जगप्रसिद्ध...'' सेबॅस्टियन अंकल कानात कुजबुजले. आणि ब्रॅमवेल अंकलनी काय करावं? वळून मागे बघितलं! कोण जगप्रसिद्ध माणूस आलाय म्हणून! मागे नुसता पडदा. मग त्यांना कळलं की हे आपल्याबद्दलच चाललंय, आणि त्यांचा चेहरा असा पडला, असा पडला... परीक्षेत दुसऱ्याच मुलीचे मार्क चुकून मला मिळाले तर माझा पडेल तसा.

पुढे वाचवेना मला. कागदावरचं काही दिसेना. आणि पाठ काय होतं? खरं तेवढंच पाठ होतं! मग मी डोळे मिटून खरं सांगायला लागले. गुत्ता, पियानो, नर्स, लिफ्ट. तुम्ही हसलात, आठवतंय? ''समुद्राचा सिनेमा. लिहिला, पण झाला नाही.'' हशा. ''डोंगराचा. लिहिला, पण झाला नाही.'' पुन्हा हशा. ''दुबईचा. लिहिला, पण झाला नाही...'' आणि हशाच आला नाही. डोळे उघडले तर सगळे खाली मान घालून. मला वाटलं, मेले मी! काका कपाळाला हात लावून बसलेले.

आणि शेवटच्या रांगेतून आवाज आला, ''माझा टॉवर पण.''

बाबा होते. उभे! आई शर्ट ओढून खाली बसवतेय, ''अहो, बसा ना!'' पण बाबा म्हणाले, ''बत्तीस मजले काढले होते मी. काढले, पण झाले नाहीत. फेब्रुवारीपासून घरी आहे. लीव्ह-बीव्ह काही नाही.''

मग तिसऱ्या रांगेतून कोणीतरी, ''आमचा मॉल.'' डावीकडून, ''आमचं तर समुद्रात भराव घालून अख्खं बेट होणार होतं हो!'' मग काय, धरणच फुटलं! नमुन्याचे फ्लॅट, पूल, हॉटेलं... इतकं न झालेलं काम एका हॉलमध्ये मी कधी बघितलं नव्हतं. शेवटी सुरेशकाका उठले. मला वाटलं, गप्प करतील. म्हणाले, ''माझ्या कंपनीने त्याच बेटाला एसी विकले होते.''

ब्रॅमवेल अंकल शाल पांघरून, नारळ बाळासारखा धरून उभे राहिले. म्हणाले, ''माझी इतकी अचूक ओळख आजवर कोणी करून दिली नव्हती. आता कृपया सांगा, हे फळ कुठून उघडतात?''

आणि तिथेच जेवणाच्या रांगेत सेबॅस्टियन अंकल बाबांना म्हणाले, ''अरे वेड्या, तीन महिने लपवलंस? रास अल खोरला माझा मित्र गोदामं बांधतो. टॉवर नाही, मालाचे रॅक. चालतील?'' बाबा म्हणाले, ''उभे राहतील ना?'' सेबॅस्टियन अंकल म्हणाले, ''इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात.'' आणि राहिले! आता शुक्रवारी बाबा आम्हाला रॅक बघायला नेतात. बोट आभाळात न दाखवता सरळ समोर दाखवतात, ''हा. याला हात लावून बघ.''

अंकल जुलैमध्ये गेले. ते टॅक्सीत बसत होते तेव्हा मी विचारलं, ''ती मुलगी वर येते का?'' म्हणाले, ''येते.'' ''हातात मोती असतो?'' म्हणाले, ''ते निर्माता मिळाला की ठरवू.''

मग आता सांगा, यात वाईट काय झालं? पण यंदा काकांनी ज्याला ज्याला पाहुणा म्हणून बोलावलं, तो आधी खूश होतो आणि मग हळूच विचारतो, ''परिचय कोण करणार?'' काका म्हणतात, शुभ्रा. डॉक्टरांना लगेच कॉन्फरन्स निघाली. बँकेच्या साहेबांचं मुंबईचं तिकीट निघालं. हॉटेलवाल्या अंकलकडे तर मी नुसती गेले होते, विचारलं, ''पहिलं हॉटेल का बंद पडलं?'' त्यांनी आतून शटर ओढलं! मी फक्त विचारलं हो!

आणि परवा ब्रॅमवेल अंकलचा मेल आला. त्यांनी रेडिओसाठी करामाचं नाटक लिहिलं. त्यात मी आहे! पानंच्या पानं बोलते, सगळ्यांना प्रश्न विचारते! मी तर हवेतच. पुढे लिहिलं होतं, रेडिओवाल्यांनी वेळ कमी केला, काटछाट झाली, वाईट वाटून घेऊ नकोस, तुझं एक वाक्य मी जिवापाड वाचवलंय.

कोणतं, ते ओळखलंच असेल तुम्ही.

काका पहिल्या रांगेतून घड्याळ दाखवतायत. पाहुणे नाहीत, परिचय नाही, भाषण नाही, पण मागे मोठी किटली उकळतेय. तेव्हा मंडळी, माझ्या वाट्याला जे आलंय तेच म्हणते आणि जाते...

चहा घेणार का?

अहो, सगळे उठून किटलीकडे पळताय काय! मी फक्त विचारलं हो!