साहेब खाली उतरले

हॉस्पिटलात औषधांच्या रांगेत पुढे उभ्या दोघा सफाई कामगारांच्या तोंडून "ड्रेनेजचे साहेब" असं ऐकलं आणि तिचे कान टवकारले. गेल्या आठवड्यात मेनहोलमध्ये गुदमरून गेलेले तिचे बाबाच ते.

"साहेबानं उतरायचं कशाला पण? अग्निशमनची गाडी येतच होती की."

"ती येईपर्यंत माझा भाऊ संपला असता. खाली बेशुद्ध पडला होता."

"मग तू उतरायचंस."

"उतरतच होतो. कॉलर धरून मागं ओढलं मला. म्हणाले, एका घरातले दोघं नकोत."

"आणि त्यांना घर नव्हतं होय?"

"होतं ना. पोरीचं कौतुक सांगून आमचे कान किटवायचे. भावाला दोरी बांधून वर दिलं आणि स्वतः खालीच राहिले."

"घरी भेटून आलास?"

"गेलो होतो. मुलीनंच दार उघडलं. तोंडवळा थेट साहेबांचा. पत्ता चुकला म्हटलं आणि जिना उतरलो."

"दोन शब्द बोलायचे, अरे."

"काय बोलू? माझा भाऊ वाचला, हे सांगू?"

"दादा," ती मागून म्हणाली, "कसा आहे तो आता?"

त्यानं वळून पाहिलं. तोच तोंडवळा.

"शुद्धीवर आलाय, ताई. साहेब भेटायला कधी येणार, विचारतोय."