राजपुत्र की स्वयंपाकीण?

राजे-राक्षसांच्या त्या महागाथेचा पहिला खंड पंधरा दिवसांत संपला नाही, म्हणून पोस्टमन मुदत वाढवून घ्यायला वाचनालयाच्या रांगेत उभा होता. पुढे इस्पितळाच्या स्वयंपाकघरातल्या नणंद-भावजय होत्या, शेवटचा, नववा खंड परत करायला आलेल्या.

“वन्सं, सगळ्यांत दुर्दैवी राजपुत्रच. डोळे गेले, देशोधडीला लागला, शेवटी सख्ख्या भावानेच मारला.”

“छे गं! छावणीतली ती स्वयंपाकीण.”

“तिच्या तर केसालाही धक्का लागला नाही!”

“दोन हजार माणसांचं रांधलं बाईने, आणि सैन्य उपाशीपोटीच कापलं गेलं. त्या पातेल्यांचं पुढे काय झालं, लिहिलंय कुठे?”

“अहो, तिथे राज्य बुडालं, आणि तुम्हाला पातेल्यांची पडलीय!”

“राजपुत्र मेला, सुटला. घासायला कोण बसलं?”

पोस्टमनला राहवलं नाही. “म्हणजे राजपुत्र मरतो?”

दोघी वळल्या. त्याच्या हातातला पहिला खंड बघून भावजयीने जीभ चावली.

“कुठवर आलात?” नणंदेने विचारलं.

“आत्ताच घोड्यावर बसायला शिकलाय.”

“मग सावकाश वाचा, भाऊ. तेवढेच चार दिवस जास्त जगेल बिचारा.”